तिनाचे चार

दुभाष्याला सगळ्यात जास्त घाम कुठला शब्द फोडतो, असं मला लोक विचारतात. त्यांची अपेक्षा असते की मी 'आत्मा', 'विरह' असलं काहीतरी सांगावं. मी सांगते, 'साडेतीन.' मग त्यांना वाटतं, बाईंना हल्ली ऐकू कमी येतंय.

एकतीस वर्षं मी बेंगळुरूच्या एका कारखान्यात रशियन दुभाषी होते. तिकडून मोठमोठी यंत्रं यायची, ती बसवून द्यायला इंजिनियर यायचे, आणि ते लोक आणि आमचे लोक यांच्या मधोमध मी उभी असायची. बाहेरून हे काम फार विद्वत्तेचं दिसतं. खरं म्हणजे ते पाणी भरण्याचं काम आहे. एका घागरीतलं दुसऱ्या घागरीत ओतायचं आणि सांडू द्यायचं नाही. शब्द थोडा सांडला तर चालतो. कुणी 'सुंदर' म्हटलं आणि मी 'छान' म्हणून पुढे सरकले तर कुणाचं घर बुडत नाही. पण आकडा सांडला की संपलं. पाचाला 'पाचासारखं काहीतरी' म्हणता येत नाही.

हे मला कळलं ते नोकरीच्या तिसऱ्याच महिन्यात. विक्तर पेत्रोविच नावाचे एक धिप्पाड गृहस्थ तेव्हा आमच्याकडे आले होते. मला ते 'सुमती अनंतोव्हना' म्हणायचे. त्यांच्याकडे नावापुढे बापाचं नाव लावल्याशिवाय माणसाला मान देता येत नाही. आम्ही निपाणीचे, आमच्याकडेही सुमती म्हटलं की पुढे 'अनंत मास्तरांची काय?' हे ठरलेलं, त्यामुळे मला ते घरचंच वाटलं. तर विक्तर पेत्रोविचनी एका यंत्राच्या चाचणीची वेळ सांगितली, 'पोलोविना त्रेत्येवो.' पोलोविना म्हणजे अर्धा. त्रेत्येवो म्हणजे तिसऱ्याचा. अर्धा आणि तीन, साडेतीन! मी इंग्रजी, हिंदी आणि कन्नड अशा तिन्ही भाषांत साडेतीनची दवंडी पिटली.

साडेतीनला सगळे साहेब गेले, तर विक्तर पेत्रोविच बटणापाशी अडीचपासून उभे. चेहरा उकडलेल्या बिटासारखा. रशियन माणसाच्या हिशोबी दोन तास पुरे झाले, तिसरा चालू झाला, त्याचा अर्धा गेला, म्हणजे अडीच. मोठ्या साहेबांनी मला फक्त एवढंच विचारलं, "मॅडम, मधला एक तास कुठे ठेवलात?"

मी रडत घरी पत्र लिहिलं. वडील शाळेत संस्कृत शिकवायचे. उलट टपाली कार्ड आलं: 'चि. सुमतीस आशीर्वाद. अगं, अडीच हा शब्द अर्धतृतीय यापासून झाला. तिसऱ्याचा अर्धा. दीड म्हणजे दुसऱ्याचा अर्धा. तुझा रशियन बोलत होता तेच आपण रोज बोलतो. तू रशियनमध्ये चुकली नाहीस, मराठीत चुकलीस. दीडशहाणपणा करू नये.' मी ते कार्ड विक्तर पेत्रोविचना समजावून सांगितलं तेव्हा ते मांडीवर थाप मारून ओरडले, "पोलतरा!" त्यांचा दीड. त्याचाही अर्थ दुसऱ्याचा अर्धा. त्या दिवसापासून आमची दोघांची मैत्री जमली आणि मला आकड्यांचं वेड लागलं.

त्या वेडातलं थोडं सांगते, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही. क्रेनने यंत्र उचलताना रशियन माणूस 'एक, दोन, तीन' म्हणत नाही. 'राझ, द्वा, त्री' म्हणतो. राझ म्हणजे 'एकदा'. खरा 'एक' वेगळाच आहे, 'अदीन', तो मोजायला सुरुवात करताना गायब. पहिल्या दिवशी मी पुस्तकातल्या 'अदीन'ची वाट बघत राहिले आणि यंत्र वर गेलंसुद्धा. नंतर आठवलं, माझी आईदेखील ज्वारी मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नसे, 'लाभ' म्हणायची. लाभ, दोन, तीन. चाळीसचं तर आणखीच. रशियनमध्ये वीस म्हणजे दोन दहा, तीस म्हणजे तीन दहा, आणि चाळीस एकदम 'सोरक'! म्हणतात की पूर्वी मौल्यवान केसाळ कातडी चाळीस-चाळीसच्या पिशव्यांत बांधून विकत, त्या पिशवीचं नाव आकड्याला चिकटलं.

पण सगळ्यात मोठी गंमत चार आणि पाच यांच्या मधे आहे. स्लाव्ह घराण्यातल्या भाषांत, म्हणजे रशियन आणि तिच्या बहिणी-मावश्यांत, दोन-तीन-चारचं व्याकरण एक आणि पाचापासून पुढचं दुसरं. जुन्या काळी ते लोक पाचाला आकडा मानतच नसत, वस्तू मानत. आपण 'एक डझन केळी' म्हणतो तसं 'बोल्टांचं एक पंचक'. विक्तर पेत्रोविच म्हणायचे, "चारपर्यंत माणसं घरची असतात, सुमती अनंतोव्हना. पाचापासून जमाव." मी हे वडिलांना कळवलं. कार्ड आलं: 'संस्कृतातही चारपर्यंतच लिंग असते, पाचापासून सगळे सारखे. आणि तू स्वतः काय म्हणतेस ते ऐक. दोघं, तिघं, चौघं. पुढे?'

पुढे पाच जण. 'पाचघं' मी जन्मात म्हटलं नव्हतं, आणि का म्हणत नाही हा प्रश्नही कधी पडला नव्हता.

वडील गेले, विक्तर पेत्रोविच परत गेले, कारखान्यात रशियन लोक यायचे कमी झाले आणि मी निवृत्त होऊन जयनगरच्या फ्लॅटमध्ये झाडांना पाणी घालू लागले. दोन वर्षांपूर्वी पद्माचा फोन आला. पद्मा माझी जुनी मैत्रीण, जे. पी. नगरला राहते, माहेर-सासर दोन्ही बेळगावकडचं, तीस वर्षं बेंगळुरात. केदार चार वर्षांचा असताना नवरा गेला. तिने शिकवण्या घेऊन पोराला इंजिनियर केलं.

"अक्का, केदारचे दोनाचे चार होतायत!"

"वा! मुलगी कुठली?"

"स्लोव्हेनियाची. एचएसआर लेआउटला त्याच्याच ऑफिसात आहे. नाव माया. बघा की, नाव तरी आपलं मिळालं." मग आवाज खाली गेला. "तिचे वडील येतायत. यानेझ म्हणून. त्यांना इंग्रजी अजिबात येत नाही. तुम्ही रशियन ना? तेच ते की."

"पद्मा, तेच ते नाही गं. तुला कोकणी येते का?"

"थोडी कळते की."

"कन्यादानाचे मंत्र कोकणीत समजावून सांगशील?"

ती म्हणाली, "अक्का, ऐका तरी. ते एकटे आहेत. बायको नाही. मधमाश्या पाळतात. त्यांनी निरोप पाठवलाय, जे मला समजत नाही ते मी हाताने करणार नाही. आणि माया म्हणते, बाबांच्या मनाविरुद्ध मी मांडवात बसणार नाही. तिलाच दुभाषी करावं म्हटलं, तर म्हणतात, नवरी स्वतःची वकील कशी होईल? आता त्यांनी पाण्याची झारी उचलली नाही तर माझ्या पोराचं लग्न राहिलं."

यावर नाही म्हणायला दगडाचं काळीज लागतं. मी पंधरा दिवसांत स्लोव्हेनियन भाषा डोक्यात कोंबली. रोज संध्याकाळी माया फोनवर शिकवायची. भाषा रशियनची लांबची बहीण. नाकीडोळी ओळखीची, स्वभाव वेगळा. एक चीज मात्र तिने अशी सांभाळून ठेवलीय जी रशियनने केव्हाच मोडून खाल्ली, ती म्हणजे द्विवचन. आपल्या संस्कृतासारखं. त्यांच्या भाषेत 'मी' म्हणजे आम्ही सगळे, आणि 'मीद्वा' म्हणजे आम्ही दोघंच. शब्दांत, क्रियापदांत, सगळीकडे दोघांसाठी वेगळी जागा.

यानेझ मला प्रथम पद्माच्या घरी भेटले, माया तेव्हा शिंप्याकडे गेली होती. वाळकी काठी असावी तसे उंच, हात मोठे, मिशी पांढरी. बरोबर एक जड पेटी. "मध," ते म्हणाले, "पेतिन्द्वायसेत." म्हणजे मधाच्या इतक्या बाटल्या. माझ्या कानात पुढे 'पेत' म्हणजे पाच आणि मागे 'द्वा' म्हणजे दोन आला. रशियन माणूस आपल्या उलट बोलतो, मोठा आकडा आधी, लहान मागून. मी आत्मविश्वासाने सांगितलं, "बावन्न!"

"बावन्न? अय्यो, ठेवायच्या कुठं?" पद्माने फळीवरचे डबे खाली काढायला घेतले. पेटी उघडली, मोजल्या, तर पंचवीस. पद्माचा चेहरा पडला. "अक्का, सत्तावीस बाटल्या विमानात चोरल्या हो!"

केदारने लगेच फोन कानाला लावला. वीस मिनिटं तो विमान कंपनीशी भांडत होता. "नो नो, लिसन, ट्वेंटी सेव्हन जार्स मिसिंग आहेत... मिसिंग हैं!" यानेझ बाटल्यांकडे बघून समाधानाने परत परत म्हणत होते, "पेतिन्द्वायसेत, पेतिन्द्वायसेत," आणि आम्हाला वाटत होतं, बिचारे हरवलेल्यांचा शोक करतायत.

मग माझ्या डोक्यात लख्ख पडलं. पेत-इन्-द्वायसेत. पाच-नि-वीस. पंच-वीस! हे लोक लहान आकडा आधी म्हणतात, आपल्यासारखाच. मी मराठीत ऐकलं असतं तर चुकले नसते. एकतीस वर्षांच्या नोकरीने माझे कान रशियन करून ठेवले होते. केदारला फोन ठेवायला सांगितला. वडील असते तर आणखी एक कार्ड आलं असतं.

लग्नाचा मुहूर्त अकरा पंचवीसचा. यानेझना मी तो 'बाराच्या अर्ध्याला पाच कमी' असा सांगितला, कारण त्यांच्याकडे तसंच म्हणतात, आणि तीनदा वदवून घेतला. ते वेळेच्या तासभर आधी कार्यालयात हजर. अंतरपाट, अक्षता सगळं सुरळीत झालं. नंतर कन्यादानाला बसले. खरं म्हणजे तिथे जोडपं लागतं, पण आमचे जयनगरचे गुरुजी वर्षानुवर्षं बेंगळुरात काढलेले, ते म्हणाले, "स्वल्प अ‍ॅडजस्ट करू." पद्मा विधवा म्हणून स्वतःहून मागे खांबाशी उभी होती. मी दोनदा पुढे बोलावलं तर म्हणाली, "इथूनच दिसतंय की."

गुरुजींनी मंत्र सुरू केला. यानेझनी हात वर करून थांबवलं. "काय म्हणाले?"

मी सांगितलं. कन्या. दान.

"दान म्हणजे देऊन टाकायचं?"

"हो... तसं..."

"माया म्हणजे मधाची बाटली नाही," ते म्हणाले आणि त्यांनी झारी खाली ठेवली.

नादस्वरवाले मधेच थांबले. माया हुंदके देऊ लागली. केदार म्हणाला, "मावशी, प्लीज, काहीतरी बोला ना." मला त्या क्षणी खोटं बोलणं सोपं होतं. दान म्हणजे आशीर्वाद, असं काहीतरी. पण एकतीस वर्षांत मी चुकून पुष्कळ सांडलं होतं, मुद्दाम कधी नाही.

यानेझच पुढे बोलले, हळू, माझ्यासाठी शब्द सुटे करत. बायको होती तेव्हा ते आणि बायको 'मीद्वा' होते. ती गेल्यावर ते आणि माया 'मीद्वा' झाले. आज माया त्या मुलाबरोबर 'मीद्वा' होणार. "आणि मी? एक."

त्यांचं मंत्राशी भांडण नव्हतंच. त्यांचं द्विवचन जात होतं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला मी गुरुजींकडे वळले. "गुरुजी, तुम्ही या दोघांना मंत्रात काय म्हणता?"

"वधूवरौ," गुरुजी गोंधळून म्हणाले.

वधूवरौ. रामः, रामौ, रामाः! मी यानेझना म्हटलं, "यांच्या मंत्रांच्या भाषेत द्विवचन आहे."

त्यांनी मान वर केली. त्यांना वाटत होतं जगात ते त्यांच्याच डोंगरात उरलंय. "खरंच? मोजायला सांगा यांना."

गुरुजींना आपली परीक्षा घेतात असं वाटलं असावं. ते ताठ बसले. "एकः, द्वौ, त्रयः, चत्वारः, पञ्च..."

"एन, द्वा, त्रिये, श्तिर्ये, पेत!"

"षट्, सप्त, अष्ट..."

"शेस्त, सेदेम, ओसेम!"

दहापर्यंत दोघं एका सुरात गेले. कार्यालयात टाळ्या पडल्या. जेवणाच्या पंगतीकडे निघालेले लोक परत फिरले. गडबडीत मी यानेझच्या जवळ वाकून म्हटलं, "तुमच्या आणि यांच्या भाषेत दोनाच्या पुढे एक येत नाही. तीन येतात."

त्यांनी मायाकडे पाहिलं, केदारकडे पाहिलं, स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मग मोठ्याने म्हणाले, "स्मो त्रिये!" आणि झारी उचलली.

आम्ही तिघं आहोत. असा त्याचा अर्थ.

"काय म्हणाले? काय म्हणाले?" चहूकडून आवाज आले. आणि मी खांबाकडे पाहिलं. पद्मा पुढे झुकून माझ्या तोंडाकडे बघत होती. वीसेक वर्षं तिने आणि केदारने त्या घरात दोघांनीच काढली होती, आणि तिचंही द्विवचन त्याच मिनिटाला चाललं होतं. तिच्याकडे तसला शब्द नव्हता म्हणून कुणी तिला विचारलं नाही. यानेझनी तिला वगळलं ते मनात काही ठेवून नव्हे. भरजरी गर्दीत मागे उभी असलेली बाई त्यांना दिसलीच नव्हती.

मी म्हटलं, "ते म्हणतायत, आता आपण चौघं."

गुरुजींनी झटकन माझ्याकडे पाहिलं. त्यांना त्रयः चांगलं कळलं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. गुरुजी पळी उचलून पुटपुटले, "स्वल्प अ‍ॅडजस्ट." नादस्वर जोरात सुरू झाला. पद्मा खांब सोडून पुढे येऊन उभी राहिली, पदराने डोळे पुसत.

लोक म्हणतात शेवट गोड तर सगळं गोड. मला मात्र तो आकडा डाचत राहिला. कारण पद्माने तो मनावर घेतला. "मला धरलं की हो त्यांनी," असं ती सगळ्या जे. पी. नगरला सांगत फिरली. यानेझना ती लिंबाचं लोणचं, शेंगदाण्याची चटणी पाठवू लागली. बरोबर लिहायची चिठ्ठी माझ्याकडून लिहवून घ्यायची. दर वेळी मला वाटायचं, त्या डोंगरातल्या माणसाला प्रश्न पडत असेल, ही विहीणबाई मला तिखट चटणी का पाठवते? उत्तर यायचं ते दोन ओळींचं: मिळाली, आभारी आहे, खोकला बरा झाला. पद्मा त्या दोन ओळी माझ्याकडून चारदा वाचून घ्यायची. खोट्याला पाय नसतात म्हणतात, पण माझं खोटं टपालाने स्लोव्हेनियाच्या वाऱ्या करत होतं. खरं सांगावं असं कितीदा मनात आलं. तिचा चेहरा बघितला की जीभ उचलत नसे.

गेल्या महिन्यात माया-केदारला मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पद्मा रिक्षाने माझ्या दारात. हातात पेढ्यांचा डबा आणि फोन.

"अक्का, यानेझरावांचा मेसेज आलाय. बघा की काय म्हणतायत."

एकच ओळ होती. 'झ्दाय नास ये पेत.' मी चष्मा पुसला, परत वाचली. पेत म्हणजे पाच. मी बोटं मोजली. यानेझ, माया, केदार, बाळ. चार. पुन्हा मोजली. चारच. चाराचं व्याकरण निराळं असतं, तिथे 'स्मो श्तिर्ये' आलं असतं. इथे क्रियापदही पाचाचं होतं. चूक व्हायला जागाच नव्हती. त्या माणसाने पाचच लिहिले होते, आणि हा पाचवा माणूस त्याने कधीतरी, लोणच्याच्या कुठल्याशा बरणीनंतर, माझ्या मदतीशिवाय मोजला होता.

"सांगा की, अक्का! काही वाईट आहे का? रडताय कशाला?"

"म्हणतायत," मी म्हटलं, आणि या वेळी एक थेंबही सांडला नाही, "आता आपण पाच जण."

पद्माने डब्याचं झाकण काढून एक पेढा माझ्या हातावर ठेवला.

"मग ते मला ठाऊकच आहे की. आधी चौघं होतो, पोरगी झाली, पाच जण. एवढ्यासाठी काय दुभाषी लागतोय होय, अक्का?"